सातवा दोष

हमीद, तू गेल्याची बातमी मला एका वजनकाट्यानं दिली.

म्हणजे दिली शहागडच्या भागवतनं, पण द्यायला लावली त्याच्या काट्यानं. हायवेवरचा त्याचा ट्रक तोलायचा काटा अडला की त्यानं तुला फोन करायचा, हे किती वर्षांचं ठरलेलं. त्या सकाळी पण केला. तुझ्या नाजनं उचलला, आणि ती रडत काय बोलली ते याला उमगेना, म्हणून यानं मला लावला. "मास्तर, हमीदभाईच्या घरी काय झालं बघा बरं. पोरगी नुसती रडून राह्यली. आन् काटा बी बंद हाय." दोन्ही बातम्या एका दमात. तू असतास तर आधी दुसरीची चौकशी केली असतीस.

जालन्याहून अंबडला येईपर्यंत दुपार झाली. तुझ्यावर मूठमूठ माती टाकणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. गणपतीत, लग्नात, निरोपसमारंभात, कुणी बोलवो न बोलवो, माईक हातात घेणारा मी. पण तिथं मी नुसती माती टाकत राहिलो. तिसऱ्या मुठीला वाटलं, आता वाकून तुला हळूच सांगून टाकावं. पण शेजारी माणसं होती, आणि खरं सांगायचं तर मी भित्रा.

म्हणून इथं सांगतो. गोष्टीतली मेख शेवटपर्यंत झाकून ठेवायची ही माझी जुनी खोड, आणि तू म्हणायचास, शेवट आधी वाच. तर तुझ्या पद्धतीनं आधी शेवट: तू जायच्या नऊ दिवस आधी मी तुला फोनवर म्हणालो, "तुझ्या लायब्ररीचं मॅन्युअल लिहून झालं." ते झालं नव्हतं. लायब्ररी म्हणजे काट्यांसाठी तू लिहिलेला कॉम्प्युटरचा प्रोग्राम, आणि त्याच्या माहितीपुस्तकाची एक ओळसुद्धा मी लिहिली नव्हती.

आता बाकीचं.

अंबडला बसस्टँडच्या मागं आपण सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायचा क्लास काढला, ते दिवस आठव. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक फक्त शोभेला. पाटीवर माझं नाव मोठं, कारण पाटी मी रंगवली होती. मी फळ्यापुढं, तू शेवटच्या बाकावर, आणि पोरं तुला लॅब असिस्टंट समजायची. पॉइंटर शिकवताना मी स्वतः पॉइंटर व्हायचो, बोट रोखून वर्गभर फिरायचो, "मी घर नाही, मी घराचा पत्ता!" असं ओरडायचो. पोरं खूश. पण त्या पॉइंटरला पुढं काय करायचं हे विचारलं की माझी गाडी रुळावरून घसरायची. तेव्हा तू मागून खोकायचास. एकदा खोकलास की मी चुकलोय. मी लगेच वाक्य फिरवायचो, "असं मूर्ख माणूस म्हणेल, पण..." आणि तू पुन्हा खोकला नाहीस की समजायचं, आता बरोबर. कितीतरी पोरं त्या खोकल्यावर पास झाली. मला सी कधीच नीट आलं नाही, हमीद. हे आपण दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मग ती सीडी आली. कुठल्याशा मासिकासोबत, कागदी पाकिटात. तिच्यात आख्खी नवी सिस्टीम, आणि सीच्या एकेका फंक्शनचं, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तयार तुकड्याचं, एकेक पान. नाव काय, कसं बोलवायचं, काय परत देतं. आपण आजवर फाटक्या झेरॉक्सवर भागवत होतो. तू त्या दिवशी जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर सगळी पानं छापून आणलीस, एकेक फाडून सुटी केलीस आणि गठ्ठा बशीरचाचांकडे बांधायला दिलास.

बशीरचाचांनी आयुष्यभर तुमच्या घरच्या उर्दू किताबी बांधलेल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि तू आणलंयस म्हणजे उर्दूच, हा त्यांचा हिशेब. त्यांनी पानांचा क्रम उर्दू किताबीसारखा लावून टाकला. बांधून आलेलं पुस्तक आपण आपल्या सवयीनं उघडलं तर पहिल्यांदा शेवटचं पान. दर फंक्शनचं नाव शेवटी आणि त्याचं शेपूट आधी. मी तिथंच दुकानात डोकं धरून बसलो.

"चाचा, उलटं केलं की हो सगळं!"

"तुम लाए तो मैं समझा उर्दू होंगी," चाचा तुझ्याकडं बघत म्हणाले. "खोल के फिर से बांधू?"

तू मात्र पुस्तक उघडून वाचायला पण लागला होतास. त्या पानांच्या शेवटाकडं एक भाग असतो. फंक्शन लिहिणाऱ्यानंच त्यात लिहून ठेवलेलं असतं की यात हे हे दोष आहेत, इथं इथं हे फसतं. उलट्या पुस्तकात तेच आधी आलं. एका फंक्शनच्या दोषांत तर सरळ लिहिलेलं होतं की बाबांनो, हे वापरूच नका. तेच फंक्शन मी सहा महिने पोरांना मोठ्या प्रेमानं शिकवत होतो.

"राहू द्या चाचा," तू म्हणालास. "बिलकुल बराबर हाय. आधी दोष, मंग नाव. माणसाची बी अशीच वळख व्हाया पाह्यजे."

तिथून तुझी ती रीत पडली. सीच्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले फंक्शनांचे संच, काही एका दुकानात मिळत नाहीत. जुन्या मोटरसायकलचा पार्ट जालन्यात शोधावा तसं गल्लीबोळ हिंडावं लागतं, आणि मिळाला तरी तो आपल्याच गाडीचा आहे का, ही शंका राहतेच. कुणीही तुला विचारायला आलं, हमीदभाई, अमक्यासाठी लायब्ररी सांगा, की तू आधी त्याला परत पाठवायचास, "सीच्या सोबत जे येतं त्यात बघितलं का? न्हाई? जा." निम्मे तिथंच गळायचे. उरलेल्यांसाठी तू शोधायला बसायचास. सापडली की पान उघडायचं आणि खाली जायचं. ज्यानं दोष लिहिलेत त्याचं पुढं वाचायचं, नमुन्याचा प्रोग्राम चालवून बघायचा. ज्यानं एकही दोष लिहिला नाही त्याला तू हात जोडायचास. "ह्याच्यात काहीच ऐब न्हाई म्हंतो. मंग हा खोटा तरी हाय, न्हाईतर त्यानं वापरूनच पाह्यलेलं न्हाई."

मी तुला चिडवायचो, की तुझ्या लग्नाच्या वेळी पण भाभींच्या घरच्यांना आधी तुझे दोष लिहून दिले होते का? तू म्हणायचास, "दिल्ते ना. पह्यल्या नंबरला तुझं नाव होतं."

आपला शेवटचा मोठा वाद मागच्या साली झाला. मी फोन नाचवत अंबडच्या तुझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आलो. "हमीद, तुझी पुस्तकं आता रद्दीत घाल. फोनमधल्या या एआयच्या मशीनला नुसतं विचारायचं. बघ, काट्याचं वजन वाचायला एक ओळ दिली त्यानं. एक ओळ!"

तू चष्मा वर केलास. "पान दाखव."

"कशाचं पान? मशीन सांगतंय ना."

"ह्या फंक्शनचं पान दाखव. मंग मानतो."

शोध शोध शोधलं. लायब्ररी खरी निघाली. ते फंक्शन मात्र त्या लायब्ररीत नव्हतं, कधीच नव्हतं. तू हसून हसून टेबलावर आडवा झालास. "अरे यार, हा तर तुझा भाऊ निघाला! येवो न येवो, फळ्यापुढं उभा हायच!"

मी पण हसलो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

वाचणाऱ्यांसाठी तुझ्या लायब्ररीचं सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील, नाव सांगितलं आणि काम सांगितलं नाही. गाडी वजनकाट्यावर चढली की लाल आकड्यांचा एक डबा वजन दाखवतो आणि तेच वायरीतून कॉम्प्युटरला कळवतो. पण दर कंपनीचा डबा आपल्याच बोलीत बोलतो. एक आकड्याआधी चिन्ह पाठवतो, एक नंतर. एक सहा आकडे पाठवतो, एक सात. एक तर चक्क उलटे पाठवतो, शेवटचा आकडा आधी. असं प्रत्येकाचं बोलणं समजून घेऊन सरळ वजन सांगणारी एक लायब्ररी तू वर्षानुवर्षं सीमध्ये लिहीत आणलीस. नाव ठेवलंस 'तोल'. शहागडपासून आष्टीपर्यंत कितीतरी काटे तिच्यावर चालतात, आणि त्या काटेवाल्यांना तिचं नाव पण माहीत नाही.

मी मागं लागलो होतो, ही नेटवर टाक, जगाला देऊन टाक. तू म्हणायचास, "मॅन्युअल न्हाई तिला. बिना पानाची लायब्ररी देणं म्हंजे बिना ब्रेकची गाडी देणं."

"मग लिही की!"

"मला सी येतं. लिहिता तुला येतं."

एवढी स्तुती ऐकल्यावर माझ्यासारखा माणूस काय म्हणणार? छाती पुढं काढून म्हणालो, मी लिहितो. चार वर्षं झाली. एक दुपार आपण खरंच बसलो. तू सांगत होतास, मी टिपून घेत होतो. ती वही आहे माझ्याकडं. पहिल्या पानावर तुझं बोलणं. दुसऱ्या पानावर निम्मं तुझं बोलणं आणि निम्म्यात तुझं चित्र, मी काढलेलं, मोठ्या मिशांचं. तिसरं पान कोरं. त्यानंतर दर भेटीत तू विचारायचास आणि मी नवीन बहाणा करायचो. बहाण्यांत मी कधी पुनरुक्ती केली नाही, एवढं श्रेय दे.

मग तुझी छाती. दवाखाना, घरी आणणं, पुन्हा दवाखाना, पुन्हा घर. मी येत होतो, विनोद सांगत होतो, नर्सची नक्कल करून दाखवत होतो. त्या दिवशी येणं जमलं नाही म्हणून फोन केला. तुझा आवाज इतका खाली गेला होता की मी घाबरलो. इकडचं तिकडचं झालं आणि तू म्हणालास, "नाटक्या, ते मॅन्युअल..."

तुला बरं वाटावं म्हणून बोललो, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे मला त्या प्रश्नातून सुटायचं होतं.

"झालं की! कालच संपवलं. आता नुसतं बांधायचं राह्यलंय."

तिकडून तू खोकलास. एकदा.

हमीद, तो आजाराचा खोकला होता की आपला जुना? एवढंच मला सांग. एवढं सांगायला कुणीतरी हवं होतं तिकडून.

तुझ्या मातीनंतर आठवड्याभरात भागवतचा पुन्हा फोन. वीज पडून त्याचा डबा जळाला होता, म्हणून काटा बंद होता. आता नवीन डबा बसवला, तर दुसरंच नाटक. "मास्तर, रिकामा ट्रक एकसष्ट टन आन् भरलेला तेरा टन दावून राह्यला. डायवर लोकं हसून राह्यले. एक जण म्हंला, माल उतरवला की गाडी जड होती का?"

एरवी हा किस्सा मी वर्षभर पुरवून पुरवून सांगितला असता.

मी अंबडला तुझ्या घरी आलो, तुझा लॅपटॉप मागायला. भाभींनी तो दुपट्ट्यात गुंडाळून ठेवला होता. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "भाईसाब, वो किताब लिखे ना तुम? चालीसवें को लाओ. नाज को देखनाच है. उसके अब्बा की एकीच किताब है."

मी म्हणालो, "आणतो, भाभी." बघ, जीभ किती सवयीनं चालते.

तिथंच तुझ्या खुर्चीत बसून लॅपटॉप उघडला. 'तोल'च्या सगळ्या जुन्या प्रती तू तारीखवार ठेवल्या होत्यास, आणि प्रत्येकीत 'दोष' नावाची एक फाइल. दुसऱ्यांची तपासायचास तशी स्वतःची पण लिहीत होतास. जुनी प्रत उघडली. सात दोष. उणे वजन नीट वाचत नाही. वायर लांब असली तर पहिला आकडा खाते. असं करत करत सातवा: "मॅन्युअल न्हाई. नाटक्या लिहिणार हाय." पुढच्या प्रतीत तेच. त्याच्या पुढच्या प्रतीत तेच. चार वर्षांच्या प्रती चाळल्या, बाकीचे दोष येत होते, जात होते, सातवा हलत नव्हता.

शेवटच्या प्रतीत सहाच दोष होते.

तारीख माझ्या फोनची. वेळ फोननंतर अर्ध्या तासाची.

भाभींना विचारलं, त्या दिवशी यानं लॅपटॉप उघडला होता का? त्या दाराला टेकून उभ्या होत्या. "उठ के बैठे थे उस दिन. तकिया लगा के दी मैं. कितने दिन के बाद हाथ में लिए. खुश थे. बोले, एक ऐब कम हुआ."

मी लॅपटॉप बंद करून काखेत घेतला. निरोप पण घेतला नाही नीट.

त्यानंतरचे दिवस मी तुझा कोड वाचला. तीस वर्षं ज्याची नक्कल केली ते पहिल्यांदा वाचलं. तुझ्या फाइलच्या शेवटी एक तक्ता आहे, एका डब्याला एक ओळ, ओळीत नुसते आकडे. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, ते त्या दुपारी तू सांगत होतास आणि मी तुझ्या मिशा काढत होतो. आता प्रत्येक आकडा कुठं वापरलाय ते शोधत वर वर जावं लागलं. तीन दिवस गेले. मागं कुणी खोकायला नव्हतं, त्यामुळं चुकलो की चुकलेलाच राहायचो. तिसऱ्या दिवशी सापडलं: ओळीतला सहावा आकडा एक असला की 'तोल' वजन शेवटाकडून वाचते. नव्या डब्याच्या ओळीत तिथं शून्य होतं. शून्याचा एक केला. आणि हो, तू बजावायचास तसं, चुका दाखवणाऱ्या सगळ्या सूचना चालू ठेवूनच प्रोग्राम नव्यानं कंपाइल केला, तुझी शपथ.

शहागडला भरलेली गाडी काट्यावर घेतली. चोवीस हजार तीनशे दहा किलो. भागवतनं आकड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जमलं की मास्तर! मला वाटलं हमीदभाईच येऊन गेल्ते."

मी काट्याच्या खोलीमागं गेलो. गोदावरीकडनं वारा येत होता. मला तुझा राग आला, हमीद. तुझ्यासारखा माणूस, दुसऱ्याच्या एका ओळीवर विश्वास न ठेवणारा, 'पान दाखव' म्हणणारा, आणि मला तेवढं म्हणाला नाहीस. माझ्याकडं पान मागितलं असतंस तर मी तिथंच सापडलो असतो. का नाही मागितलंस?

मग लिहायला बसलो. नाटक नाही, उपमा नाहीत. एकेक फंक्शन, काय घेतं, काय देतं. तक्त्यातल्या एकेका आकड्याचा अर्थ. एक नमुना प्रोग्राम, तो चालवून बघितलेला. जिथं मला कळलं नाही तिथं 'मला कळलं नाही' असं लिहिलं, आणि पहिल्यांदा ते दोनदा खोडलं, नंतर सोपं झालं. शेवटी दोष. तुझे सहा तुझ्याच शब्दांत उतरवले. सातव्यापाशी बराच वेळ थांबलो.

छापून बशीरचाचांकडं नेलं. चाचांना आता कमी दिसतं. त्यांनी पानांवरून हात फिरवला. "हमीद का है?"

"हमीदचंच."

"सीधी बांधू के उलटी?"

"उलटी," मी म्हणालो.

काल तुला जाऊन चाळीस दिवस झाले, तुझा चाळिसावा होता. जेवणं आटोपून माणसं गेली, आणि मी पुस्तक भाभींच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं. मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणून नाजला दिलं, "पढ़." नाजनं आपल्या शाळेतल्या सवयीनं उघडलं, आणि उलटं बांधलेलं ते, आधी दोषच आले. पोरगी मोठ्यानं वाचायला लागली. उणे वजन. लांब वायर. भाभींना त्यातलं काय कळत होतं कोण जाणे, पण त्या मान हलवत होत्या. मी चपला घालायच्या बेतात दाराशी.

"सातवा," नाजनं वाचलं. "हे मॅन्युअल उशिरा लिहिलं. झालं म्हणून हमीदला सांगितलं तेव्हा ते झालं नव्हतं. त्यानं हा दोष काढून टाकला, तो खोट्या भरवशावर. तो इथं परत लिहिला आहे. लिहिणारा: दिगंबर."

ती थांबली. माझ्याकडं न बघता आईकडं बघितलं.

भाभी खाली बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्या दिवशी त्यांनीच तुला उशी लावून दिली होती.

मग त्यांनी हात लांब करून पुस्तकाचं ते पान स्वतः उलटलं.

"आगे पढ़," त्या म्हणाल्या.